बारा गाड्या आणि शिशाची जाळी

धुळ्याच्या दवाखान्यात एक पोरगी माझ्या बायकोच्या छातीवर थंडगार मलम लावून टीव्हीसारख्या पडद्याकडे बघत बसली होती. काळ्या पडद्यावर एक नळी फुगत होती, बसत होती, परत फुगत होती. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, बाबा, ही हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, दर ठोक्याला ती किती ताणली जाते ते मोजते आहे. मी म्हणालो, हे तर आम्ही एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास नंदुरबारला मोजलं होतं, शिशाचा पत्रा आणि चावीचा फोनोग्राफ घेऊन. पोरगी हसली. माझ्याकडे बघून नाही, बायकोकडे बघून. म्हाताऱ्याचं डोकं सरकलंय, असं ते हसणं होतं.

बायको पडल्यापडल्या तिला म्हणाली, "हाऊ म्हतारा खरं सांगी ऱ्हायना, माय. फक्त सांगतांना त्यान्हं थोबाड लबाडनं दिखस."

त्यानंतर वीस दिवसांनी ती गेली. त्याला आता दीड वर्ष होईल. पोरं म्हणतात, बाबा, देवळात जाऊन बसा, चार माणसांत बोला. चार माणसांत काय बोलू? मला एकाच माणसाशी भांडायची सवय होती. म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत. शुद्धलेखन नातीने सुधारलंय, बाकी जे काही वाकडं आहे ते माझं.

तेव्हा माझं नंदुरबारला सायकलीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्रा, एक घमेलं, एक पंप. शेजारच्या गल्लीत एक तरुण डॉक्टर आला होता. मुंबईला शिकलेला, बारीक, चष्म्याचा, बोलायला लाजणारा. त्याने कुठूनतरी जुनं एक्स-रे मशीन आणलं होतं. त्यावर खोकल्याचे पेशंट बघायचा, पण त्याचं मन दुसरीकडेच होतं. एके दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, एक नवी ट्यूब दाखवा, एक जुनी दाखवा. मला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्याने दोन्ही ट्यूबा हातात धरून ताणल्या. नवी वीतभर लांबली. जुनीला चिरा पडल्या.

तो सांगू लागला की आपल्या छातीतही अशीच एक जाड नळी असते. हृदय ठोका देतं तेव्हा ती फुगते, मग परत बसते. वय झालं की तिचं रबर मरतं. मग हृदयाने मारलेला प्रत्येक धक्का त्या कडक नळीवर आदळतो. मी म्हणालो, ट्यूब मी हाताने ताणून बघतो, माणसाची नळी कशी ताणणार? तो म्हणाला, तेच तर तुमच्याकडे काम आहे.

काम असं होतं. साधा एक्स-रे म्हणजे एका क्षणाचा फोटो, त्यात नळी हलताना दिसत नाही. पण फिल्मच्या पुढे शिशाचा पत्रा लावायचा, पत्र्यात बोटाबोटाच्या अंतरावर बारीक आडव्या फटी पाडायच्या आणि फोटो निघताना तो पत्रा हळूहळू, एका चालीने खाली सरकवायचा. शिशातून किरण जात नाहीत, फटीतून जातात. फट सरकते तशी नळीची कड जिथे असेल तिथे रेघ उमटते. कड आतबाहेर होत असेल तर रेघेला करवतीसारखे दाते पडतात. दाते लांब असले तर नळी चांगली ताणली जाते. दाते नसले तर नळी कडक. मुंबईला त्याने असं यंत्र पाहिलं होतं. विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तो पंक्चरवाल्याकडे आला होता.

मी तापीवरच्या मासेमाऱ्यांकडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोट्या आणल्या, वितळवल्या, परातीत ओतून पत्रा केला. करवतीच्या पात्याने फटी पाडल्या आणि ही शिशाची जाळी फिल्मसकट एका लाकडी पेटीत बसवली. सरकवायला चावीचा फोनोग्राफ जुन्या बाजारातून आणला, कारण तो एका चालीने फिरतो. चाल फार वेगाची होती म्हणून सायकलीची लहानमोठी चाकं आणि चेन लावून ती हळू केली. पहिल्या दिवशी डॉक्टरने मला उघडं करून पेटीसमोर उभं केलं आणि श्वास धरायला सांगितलं. नेमकी फोनोग्राफवरची तबकडी काढायची राहिली होती. इकडे मशीन गुरगुरलं, तिकडे कोणी बाई लावणी म्हणायला लागली. मी फस्सकन हसलो आणि फिल्म वाया गेली.

तिसऱ्या वेळी जमलं. माझ्या फोटोत हृदयाच्या वरची कड अशी निघाली होती, जशी सुताराने आत्ताच कानशीने घासलेली करवत. डॉक्टर ती फिल्म खिडकीला धरून एकटाच नाचला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, माझी नस एक नंबर आहे. ती म्हणाली, नसच असंल, बाकी काय शे.

आता तिच्या बापाचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्याची आहे.

माझी सासुरवाडी शहादा तालुक्यात, तापीच्या काठाला. सासरा गावचा भगत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावदेवीची यात्रा असते, त्यात बारा गाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसं भरायची आणि पहिल्या गाडीच्या जूला दोर बांधून तो भगताच्या कमरेला अडकवायचा. भगत पाच दिवस उपाशी असतो, अंगाला हळद लावलेली असते. दोन्ही बाजूंनी त्याला धरायला दोघं असतात, त्यांना बगले म्हणतात. मग तो गाड्या ओढत देवळापर्यंत नेतो. गाव म्हणतं देवी ओढते. सासरा तीस वर्षं ओढत होता. उंच, दांडगा, मिशा अशा की लिंबू ठेवावं. मला जावई म्हणून त्याने कधी मोजलंच नाही. सायकलीला हवा भरणारा माणूस त्याच्या लेखी अर्धवट बाईच.

त्या वर्षी आखाजी महिन्यावर आली आणि बायकोने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने वर्षभर पोटात ठेवली होती. मागच्या वर्षी गाड्या देवळाशी पोचल्यावर सगळे नारळ फोडत होते, तेव्हा ती बापाला पाणी द्यायला देवळामागे गेली. तो भिंतीला हात लावून उभा होता. ओठ काळे पडले होते, अंगावर थंड घाम, आणि एक हात छातीवर. तिला म्हणाला, कोणाला सांगशील तर मेलो तरी तुझं तोंड बघणार नाही. तिने सांगितलं नाही. पण त्यानंतर तो मळ्याच्या बांधावर चढताना दोनदा थांबलेला तिने पाहिला होता. ती मला म्हणाली, तुमच्या डॉक्टरच्या जाळीत त्याला उभं करा. नळी कशी आहे ते कळू द्या. मग मी त्याला ओढू देणार नाही.

अडचण ही की भगत दवाखान्यात जात नाही. तोच लोकांना अंगारा देतो. भगत डॉक्टरकडे गेला हे गावाला कळलं तर उद्यापासून अंगाऱ्याला कोण येईल?

म्हणून आम्ही लबाडी केली. तो कापसाच्या कामाला नंदुरबारला आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "मामा, डाक्टरले फोटू काढाले पक्का गडी पाह्यजे. मन्हासारखा हाडकुळा चालत नई." मिशीवरून हात फिरवला त्याने. विचारलं, गावात दुसरा कोणी नाही का? मी म्हणालो, शोधला, सापडला नाही. झालं. तो स्वतःच्या पायांनी आला, स्वतःच्या हाताने बंडी काढली, गळ्यातला ताईत काढून माझ्या हातात दिला आणि पेटीला छाती लावून असा उभा राहिला की पेटीच मागे सरकली.

डॉक्टरने आधी मनगटाची नाडी पाहिली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, बोटाखाली नस सुतळीसारखी कडक लागते आहे. मग फोनोग्राफला चावी दिली.

तासाने फिल्म धुऊन निघाली. डॉक्टरने माझी जुनी फिल्म आणि त्याची नवी शेजारीशेजारी खिडकीला लावली. माझ्या कडेला दाते. त्याची कड सपाट. पाटीवर पट्टीने ओढल्यासारखी. डॉक्टरचा चेहरा उतरला. तो शुद्ध मराठीत, पुस्तकातली अक्षरं मोजत बोलू लागला, की महाधमनीची लवचिकता फार कमी झाली आहे, जड ओढकाम केलं तर जिवाला धोका आहे.

सासरा ऐकतच नव्हता. तो फिल्म बघत होता. त्याने मला विचारलं, "हाई कोन्हं?" मी म्हणालो, माझं. "आन् हाई?" तुमचं, मामा. तो जवळ गेला, परत लांब झाला, जसा बाजारात बैल बघतो तसा. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुन्हामा झटका शे, जवाई. जो बैल झटका देस ना, तो अर्धा रस्तामा बसी जास. मन्हं देख. सपाट. सपाट वढस तोच गाडी घरले लयस."

त्याने ती रेघ ओढीची समजली होती. ज्याने उभं आयुष्य बैल आणि गाड्या पाहिल्या, तो दुसरं काय समजणार? डॉक्टर घाबरत म्हणाला, अहो, उलट आहे, दाते हवेत. सासऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डाक्टरसाहेब, तुम्ही कव्हय गाडी वढी शे का?"

डॉक्टर खरं बोलणारा माणूस. नाही म्हणाला.

"मंग?"

आणि मी? मी बोलायला पाहिजे होतं. पण लग्नानंतरच्या चार वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. दवाखान्याबाहेर आल्यावर त्याने मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला, वर भजी. मी हो मामा, हो मामा करत भजी खाल्ली. फिल्म त्याने डॉक्टरकडून मागून घेतली, पंच्यात गुंडाळली आणि मोटारीने गावाला गेला.

आठ दिवसांत गावाकडून बातमी आली. सासरा रोज आरती झाली की देवळाच्या खिडकीला ती फिल्म लावतो आणि सगळ्यांना दाखवतो. लोक म्हणतात, भगताच्या छातीत देवीचा रस्ता दिसतो, एकदम सरळ. शेजारच्या दोन गावांतून माणसं बघायला येतात. या वर्षी बारा नाही, तेरा गाड्या बांधायच्या, असंही कोणी म्हटलं आणि सासरा नाही म्हणाला नाही.

बायकोने मला पंप हातात असतानाच धरलं. "तुमनी जीभ कोठे व्हती?"

मी म्हणालो, भज्यात.

ती हसली नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ती घाबरली आहे. ती घाबरली की भांडत नसे, भांडी घासत बसे. सगळी घासून झाल्यावर घासलेलीच परत घेतली. मी म्हणालो, जातो, आत्ता जाऊन खरं सांगतो. ती म्हणाली, आता उशीर झाला. सगळ्या गावाला दाखवून बसलाय तो. आता वाईट आहे म्हणून सांगाल तर लाजेखातर दुप्पट ओढील. ओढायचंच असंल तर ओढू दे. पण गाड्या जड कशाला पाहिजेत?

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या दुकानातला पिवळ्या ग्रीसचा मोठा डबा पिशवीत घातला आणि आम्ही आखाजीच्या आधी चार दिवस माहेरी गेलो. तिथे तिने ओसरीवर बसून चारचौघींत जाहीर केलं की पोर व्हावं म्हणून तिने देवीला नवस बोलला आहे: जावयाने स्वतःच्या हाताने बारा गाड्यांची चाकं वंगणायची. असा नवस मी जन्मात ऐकला नव्हता, कोणीच ऐकला नव्हता. पण नवसाला का म्हणून कोणी विचारत नाही. तेराव्या गाडीचा विषयही तिने तिथेच मोडला. नवस बाराचा आहे, तेरावीला हात लावला तर मोडतो.

मग मी जावई माणूस, धोतर खोचून दारोदार. खीळ काढायची, चाक ओढायचं, आखाला लागलेलं जुनं काळं वंगण खरवडायचं, आख रॉकेलने पुसायचा, ग्रीस भरायचं. दोन दिवस गाड्यांच्या खाली. येणारा-जाणारा थांबायचा. एक म्हातारा रोज तेच विचारायचा, "काय पाव्हना, आखाजीले लोके आंबाना रस खातस, तुम्ही गिरीस खाई ऱ्हायनात का?" पोरी खिदळायच्या. बायको ओट्यावर बसून डाळ निवडत मला बघायची आणि मुद्दाम मोठ्याने सांगायची, डावं चाक राहिलं बरं का. मला तिचा राग येत होता, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती.

एवढ्यावर ती थांबली नाही. तिला सहा चुलतभाऊ, सगळे म्हशीसारखे. त्यांना तिने एकेकाला गाठून सांगितलं. मागच्या तीन गाड्यांत त्यांनी बसल्यासारखं करायचं, पण पाय जमिनीला आणि खांदा गाडीला. कोणी विचारलं तर देवीची शपथ घालायची. त्यांतला एक म्हणाला, ताई, हे पाप नाही का? ती म्हणाली, पाप मी घेते, तू ढकल.

आखाजीच्या दिवशी दुपार उतरल्यावर गाड्या बांधल्या. ढोल, हलग्या, गुलाल, धूळ. सासरा हळदीने पिवळा, कमरेला दोर, डोळे मिटलेले. पाच दिवसांच्या उपासाने गाल बसले होते. मी बायकोला शोधलं. ती गर्दीत नव्हती. ती गाड्यांच्या बाजूने, बापाच्या पावलाला पाऊल लावून चालायला तयार उभी होती, पाण्याचा तांब्या छातीशी धरून. तांब्यातलं पाणी पायावर सांडत होतं, आणि तिचं लक्ष नव्हतं.

सासऱ्याने देवीचं नाव घेऊन पहिला जोर लावला. एरवी गाड्या पहिल्या जोराला नुसत्या कुरकुरतात, दुसऱ्याला हलतात, तिसऱ्याला चालतात. त्या दिवशी पहिल्याच जोराला बाराही गाड्या अशा निघाल्या, जशी उताराला सोडलेली सायकल. सासरा दोन पावलं धडपडला. बगल्यांनी धरला. दोर कमरेवरून सैल पडून धुळीत लोळायला लागला. गाव ओरडत होतं, देवी आली, देवी आली. सासऱ्याने डोळे उघडले. मागे वळून पाहता येत नाही, तशी रीत आहे. पण त्याने दोराकडे पाहिलं. मग तो ओढायचं सोडून नुसता चालू लागला, कारण चालला नसता तर पहिली गाडी त्याच्या अंगावर आली असती.

देवळाशी पोचल्यावर नारळ फुटले, आरती झाली. लोक म्हणाले, इतक्या लवकर कधीच झालं नाही, त्या फोटोतच दिसत होतं. सासरा देवळामागे जाऊन बसला. बायकोने पाणी दिलं. ओठ लाल होते. मी लांब उभा होतो, पळायच्या तयारीने. त्याने बोटाने बोलावलं.

"तीस साल व्हयनात. गाडी कव्हय बी आशी आपसूक उनी नई. कोन्हं काम शे?"

मी ग्रीसचे हात मागे लपवले. बायको म्हणाली, "मन्हं."

"कसाले?"

"तू मरी जाता, आबा."

त्याने तांब्या परत तोंडाला लावला. पाण्याचा एक घोट घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, फोटोत खरं काय होतं ते आता सांग, आणि हो मामा करू नको. मी सांगितलं. सपाट म्हणजे नळी कडक. दाते असतात ते चांगलं. डॉक्टर बरोबर होता. मी तुमच्या भज्यांपायी गप्प बसलो.

सासऱ्याने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग इतला दिन मी गावले काय दखाडत फिरनू?"

"तुमनी कडक नस, मामा."

मला वाटलं आता खातो थोबाडीत. पण त्याच्या मिशा हलल्या. आधी बारीक, मग जोरात. तो हसत होता. तीन गावांनी हात जोडून पाहिलेली ती फिल्म आठवून तो माणूस असा हसला की बायकोनेच त्याची पाठ धरली, हळू हस म्हणून. हसून झाल्यावर डोळे पुसत तिला विचारलं, आता देवीला काय सांगू. ती म्हणाली, ढकललं देवीनेच, पण गाड्या बारा आणि तिला हात दोन, म्हणून चुलतभाऊ लागले.

त्यानंतर तो महिन्याच्या महिन्याला नंदुरबारला येऊन डॉक्टरकडे गोळ्या घ्यायचा. गावाला सांगायचा, जावयाला भेटायला जातो. गावाने विश्वास ठेवला नसेल, कारण जावई भेटायच्या लायकीचा नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला. आमचं पहिलं पोर त्यानेच अंगणात चालायला शिकवलं.

पण मला खरी आठवण आहे ती पुढच्या आखाजीची. त्याने भर देवळात स्वतःच्या हाताने पुतण्याला हळद लावली आणि दोर त्याच्या कमरेला बांधला. कोणी काही बोलण्याआधी तो पहिल्या गाडीत चढून बसला. गाड्या हलल्या, तशी त्याने दोन्ही हातांनी कडेचा दांडा घट्ट धरला. तीस वर्षं गाड्या ओढल्या, पण त्यांत कधी बसला नव्हता. गाडी खड्ड्यात गेली, वर आली. बाजूने बायको चालत होती, तिला तो ओरडून म्हणाला, "आरे, हाई इतलं हालस का? तू बी बस माय, एकटाले भ्याव लागस."

तिने पदर खोचला आणि चालत्या गाडीत चढली. बापाच्या हाताला धरून बसली. दोघं हेलकावे खात, हसत माझ्यापुढून गेले. मी धुळीतून बाजूने चालत होतो. मला बस कोणी म्हटलं नाही.